राहिलेला बोळा

बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा आटोपली आणि सुट्टीत मी वायरमन असलेल्या मामांच्या हाताखाली टिळकवाडीतल्या एका बांधकामावर जाऊ लागलो. वायरमन म्हणजे बटणे बसवणारा, एवढीच माझी समजूत! प्रत्यक्षात निम्मे काम स्लॅबच्या सळ्यांवर, रणरणत्या उन्हात. काँक्रीट पडण्यापूर्वी पाइप अंथरायचे, पंख्याचे डबे बांधायचे, पाइपांच्या उघड्या तोंडांत कागदाचे बोळे कोंबायचे. बोळे माझ्याकडे आणि दुसऱ्या एका पोराकडे होते. एक तोंड राहिले.

सेंट्रिंग निघाल्यावर मामांनी पाइपात स्प्रिंग सारली. ती मध्येच अडली. माझ्या पोटात गोळा आला. मामांनी स्प्रिंगवर खूण केली, ती बाहेर ओढून तेवढेच अंतर छताखालून मोजले आणि गवंड्याला म्हणाले, "इल्लि ओडीरि." छिन्नीखाली तिथेच सिमेंटचा खडा निघाला.

पुढे तारा ओढताना म्हणाले, "लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. बटण फेजवरच. न्यूट्रलवर बसवलंस तरी दिवा विझतोय की! पण होल्डरात २३० व्होल्ट तसेच. बल्ब बदलणारा मरतोय." मला तेरीज आठवली. तीही आत चूक ठेवून खुशाल जुळते.

शनिवारी त्या फोडकामाची मजुरी मामांनी स्वतःच्या खिशातून दिली. बोळा कुणाचा राहिला, हे त्यांनी आम्हा दोघांनाही विचारले नाही. माझा राहिला होता.