घोड्यांचं बंदर

चौल मागे पडलं की एसटी तटाच्या खिंडारातून आत शिरते आणि आपण रेवदंड्याच्या पोर्तुगीज कोटात पोचतो. कोटातच गाव आहे, दुकानं आहेत, नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. त्यामुळे किल्ला पाहायचा तर लोकांच्या परसातून जावं लागतं. एका वाडीत काका पाटाचं पाणी वळवत होते. आत येऊ का विचारलं, तर म्हणाले, "या ताई, पण माडाखाली उभ्या राहू नका. नारळ सांगून पडत नाही."

त्यांच्या मागोमाग चालले. सातखणी बुरुजाचे सगळे खण आता उभे नाहीत, तरी गावात सगळ्यात उंच तोच. बुरूज म्हणतात, पण मुळात तो फ्रान्सिस्कन चर्चचा मनोरा. मला तटबंदीपेक्षा चौलच्या या बंदरात उतरणाऱ्या मालाचं कुतूहल जास्त होतं, आणि तो माल म्हणजे घोडे. दख्खनच्या हवेत चांगली पैदास होत नसे, म्हणून अरबस्तान-इराणचे घोडे समुद्रमार्गे यायचे. १४६९च्या सुमारास अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी होर्मुझहून असाच एक घोडा घेऊन चौलला उतरला. घाट चढून जुन्नरला पोचला, तर तिथल्या खानाने घोडाच काढून घेतला. मुसलमान हो, घोडा परत देतो, वर हजार मोहरा देतो, अशी अट घातली. शेवटी एका खुरासानी माणसाच्या रदबदलीने घोडा सुटला. निकितीनचं स्मारक रेवदंड्यातल्या शाळेच्या आवारात आहे.

१५२१मध्ये बुऱ्हाण निजामशहाने पोर्तुगीजांना इथे किल्ला बांधू दिला, त्यातही चौलमार्गे घोडे मिळत राहावेत हा हिशोब होता. पण पुढे त्याच घराण्यातल्या मुर्तजा निजामशहाने १५७०-७१मध्ये कोटाला महिनोन्‌महिने वेढा घातला. कोट पडला नाही. १६८३मध्ये संभाजीराजांच्या फौजेलाही तो घेता आला नाही. मराठ्यांकडे आला तो वसई पडल्यावर, १७४०च्या तहाने. तोफांनी जे झालं नाही ते कागदावर झालं.

पण तोवर राखण्यासारखं बंदर तरी कुठे उरलं होतं? चौलची खरी मारेकरी मुंबई, असं माझं मत. इंग्रजांच्या हाती ती आली आणि इथले रेशीम विणणारे कारागीर तिकडे गेले. धंदा गेला, माणसं गेली, मोठी गलबतं येईनाशी झाली. काकांना विचारलं तर म्हणाले, "आमची पोरंपण मुंबईलाच की." बोलता बोलता त्यांनी पाटाचं तोंड मातीने बुजवून पाणी पुढच्या आळ्याकडे वळवलं.

त्या काळातलं जिवंत काही अनुभवायचं असेल तर साळावचा पूल ओलांडून कोर्लईला जायला हवं. पोर्तुगीज गेले तरी तिथल्या ख्रिस्ती कुटुंबांची पोर्तुगीज आणि मराठी मिसळलेली बोली राहिली. आज ती हजाराच्या आसपास माणसं घरात बोलतात. रविवारी प्रार्थना संपताना चर्चपाशी थांबा. लोक बाहेर पडून आपसात गप्पा मारू लागले की ती कानावर पडेल.