वीक म्हणजे नेमकं काय?

आम्हा शिक्षकांच्या बोलण्यात एक इंग्रजी शब्द मराठीसारखाच रुळला आहे : वीक. 'या वर्गात दहा मुलं वीक आहेत' असं म्हटलं की पुढे काही समजावून सांगावं लागत नाही. उर्दूच्या तासाला हाच शब्द, मराठीच्या तासालाही हाच. त्यामुळे सॉफ्टवेअरमध्ये काम करणारी माझी एक जुनी विद्यार्थिनी सुट्टीत घरी आली आणि बोलता बोलता 'वीक सिंबल' म्हणाली, तेव्हा मी तिला तिथेच थांबवलं. ती हसून म्हणाली, "सर, आमच्याकडे वीकचे तीन ठिकाणी तीन अर्थ होतात." मग वही मागून घेतली आणि आकृत्या काढायला लागली. तिने सांगितलेलं माझ्या भाषेत मांडतो.

मोठा प्रोग्राम एका फाइलीत लिहीत नाहीत. अनेक फाइली लिहून त्या जोडतात आणि जोडणाऱ्या साधनाला लिंकर म्हणतात. एका फाइलीत एखादं काम करणारं फंक्शन लिहिलेलं असतं, दुसरी फाइल त्याला नुसती नावाने हाक मारते. ते नाव म्हणजे सिंबल. कुणाची हाक कोणत्या घरी पोचवायची, हे लिंकर ठरवतो.

एकाच नावाची दोन घरं निघाली तर लिंकर काम थांबवतो आणि चूक दाखवतो. पण जोडायला दिलेल्या फाइलींतल्या एका घरावर 'वीक' असा शिक्का असेल तर तो अडून बसत नाही. बिनशिक्क्याचं घर घेतो, वीक सोडून देतो. हा शिक्का लिहिणाऱ्याने स्वतःच मारलेला असतो. 'माझ्याकडे कामापुरती सोय आहे, तुमची असेल तर खुशाल तुमची वापरा' असा त्याचा अर्थ. मायक्रोकंट्रोलरच्या सुरुवातीच्या फाइलींमध्ये इंटरप्ट हाताळणारी फंक्शनं बहुधा अशीच वीक ठेवतात. प्रोग्रामर आपलं फंक्शन त्याच नावाने लिहितो, मूळ फाइलीला हात लावावा लागत नाही. इथे वीक म्हणजे कमीपणा नव्हे, अदब आहे. मागे सरकून दुसऱ्याला जागा देणं.

दुसरा अर्थ मात्र धोक्याचा. शिक्का घरावर नसून हाकेवरच असेल, आणि त्या नावाचं घर कुठेच सापडलं नाही, तरी लिंकर गप्प राहतो. पत्त्याच्या जागी शून्य लिहून पुढे जातो. हाक मारण्याआधी 'पत्ता शून्य तर नाही ना?' हे प्रोग्रामने स्वतः तपासायचं असतं. नाही तपासलं तर चालता प्रोग्राम कोसळतो. शिवाय अशा वीक हाकेसाठी लिंकर लायब्ररीच्या कपाटातून नवी फाइल काढतही नाही. लिनक्सवर सी प्लस प्लसचे थ्रेड वापरणारे काही प्रोग्राम सगळ्या लायब्रऱ्या आत घेऊन स्टॅटिक पद्धतीने जोडले की याच कारणाने कोसळत. थ्रेडची फंक्शनं कपाटात होती, पण वीक हाकेसाठी कपाट कुणी उघडलंच नव्हतं. 2021 मध्ये ग्नू सी लायब्ररीच्या 2.34 आवृत्तीत थ्रेडची लायब्ररी मुख्य लायब्ररीत आली, तेव्हा ही गरजच संपली.

हे ऐकताना मला मुलंच दिसत होती. वाचता न येणारा मुलगा वर्गामागून वर्ग पुढे सरकतो, कुठेच चूक दाखवली जात नाही, आणि नववीच्या विज्ञानाच्या पहिल्याच पानावर अडकतो. शून्य बऱ्याच आधी लिहिलेलं असतं.

तिसरा अर्थ डायनॅमिक लोडरकडे. प्रोग्राम सुरू होताना बाहेरच्या लायब्रऱ्या हा आणून जोडतो. लिनक्सचा नेहमीचा लोडर शिक्क्याकडे बघतच नाही. ठरलेल्या क्रमाने शोधतो : आधी मुख्य प्रोग्राम, मग मुद्दाम आधी लादलेल्या लायब्रऱ्या, मग बाकीच्या. नाव जिथे पहिल्यांदा सापडेल तेच पक्कं, मग ते वीक का असेना. जुने लोडर वीक सापडलं तर लक्षात ठेवून सबळ शोधत पुढे जात. ग्नू सी लायब्ररीच्या 2.2 आवृत्तीपासून ते बंद झालं. एलडी_डायनॅमिक_वीक ही खूण लावली तरच जुनी रीत परत येते.

दोन भाषांच्या माणसाला हे चटकन कळतं. 'तकरार' ऐकलं की घरी उर्दू बोलणाऱ्या मुलाच्या डोळ्यांपुढे भांडण येतं, मराठी बोलणाऱ्याच्या डोळ्यांपुढे अर्ज. दोघांच्या डोक्यात दोन्ही शब्दकोश असले तरी आधी जो उघडतो त्याचाच अर्थ चालतो.

ही विद्यार्थिनी माझ्या वर्गात आली ती आधीच्या शाळेतून 'वीक' असा शेरा घेऊन. "लोडर शिक्का बघत नाही, हे किती छान!" असं मी म्हणालो, तर तिने मान हलवली. "सर, शिक्का बघत नाही, पण रांग बघतो. जो पुढे त्याचं चालतं."

ते वाक्य माझ्यासोबत राहिलं. शिक्का पुसला म्हणजे इन्साफ झाला, असं आपण धरून चालतो. पण शिक्का गेला की रांग ठरवायला लागते, आणि रांगेत आधीच पुढे कोण उभं आहे, हे कुणी विचारत नाही. यंदा वर्गात प्रकट वाचन सुरू केलं तेव्हा मी नावं हजेरीपटाच्या क्रमाने घेतली नाहीत. दर आठवड्याला वेगळ्या बाकापासून सुरुवात करतो.