ईवान

घर म्हणजे चारी बाजूंनीं बंद केलेली जागा, अशी समजूत हल्लीं सदनिकांत राहणाऱ्या आम्हां शहरवासीयांची होत चालली आहे. इराणांतील जुन्या घरांची रचना पाहतां ती समजूत किती तोकडी आहे, हें आमच्या ध्यानांत आलें.

यझ्द, काशान या वाळवंटालगतच्या शहरांतील जुनें घर रस्त्याकडे पाठ करून बसलेलें असतें. दारांतून शिरल्यावर वळणाचा बोळ लागतो. त्यामुळें परक्याची दृष्टि थेट चौकांत पडत नाहीं. या बोळास फारसींत ‘दालान’ म्हणतात. आपलें ‘दालन’ त्याच शब्दापासून आलें. पुढें चौक, मध्यें हौद, भोंवतीं डाळिंबाचीं झाडें आणि चौकाकडे तोंड केलेला ईवान. त्याच्या तीन बाजूंस भिंती, वर कमानदार छत आणि चौथी बाजू सताड मोकळी.

चौकाच्या दक्षिणेचा ईवान उत्तराभिमुख असल्यानें त्यांत भर दुपारींहि सावली असे. हौदामुळें वाऱ्यास गारवा येई. उत्तरेकडील खोल्या दक्षिणाभिमुख. हिवाळ्यांतील कललेलें ऊन त्यांत खोलवर शिरे. घरांतील मंडळी ऋतूप्रमाणें आपलें बिऱ्हाड एका बाजूकडून दुसरीकडे हलवीत. इस्फहान येथील १६४७ सालच्या चेहेल सोतून या राजमहालांत कमानीऐवजीं लांकडी खांबांचा ‘तालार’ आहे. खांब वीसच, परंतु हौदांतील प्रतिबिंबें धरून त्यास ‘चाळीस खांबी’ म्हणतात, अशी समजूत आहे.

आम्हांस मात्र गारव्याहून दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. पडदा पाळणाऱ्या त्या समाजांत घरांतील स्त्रियांस उंबरा न ओलांडतां आभाळ मिळालें, तें या रचनेमुळें. आपली ओसरी येणाऱ्याजाणाऱ्यांसाठीं होती. ईवान घरच्यांसाठीं होता. दोन्ही ठिकाणीं माणूस घरांत असूनहि कोंडलेला नसे.

आज काशानांतील असे कित्येक वाडे संग्रहालयें अथवा पांथशाळा झाले आहेत, आणि आमच्याकडे सज्जेहि कांचा लावून खोलींत घेतले जातात. आमच्या वृद्ध मातोश्री रोज संध्याकाळीं खुर्ची उचलून विचारतात, “बसूं तरी कोठें?” खोल्या चार आहेत; पण त्यांच्या या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नाहीं. नवें घर बांधणाऱ्या वाचकांनीं नकाशावर सही करण्यापूर्वीं हा प्रश्न आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांस अवश्य विचारावा.