निर्णय ज्याचा त्याचा, साथ मार्गदर्शकाची

सध्या ज्यांना ‘कोच’ म्हटले जाते त्या व्यावसायिक मार्गदर्शकांचे काम सल्लागाराच्या कामाहून मुळातच वेगळे आहे. सल्लागार आपल्या ज्ञानाच्या आधारे उत्तर देतो, तर मार्गदर्शक समोरच्या व्यक्तीला स्वतःचे उद्दिष्ट नेमके करण्यास, अडथळे ओळखण्यास आणि स्वतःच्या जबाबदारीवर निर्णय घेण्यास साहाय्य करतो. साहाय्य मागणारी व्यक्तीच आपल्या आयुष्याची खरी जाणकार असते, हा विचार कार्ल रॉजर्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1951 च्या आपल्या ग्रंथात समुपदेशनाच्या संदर्भात विस्ताराने मांडला. पुढे 1974 मध्ये टिमथी गॅल्वे यांनी टेनिसच्या प्रशिक्षणातून आणि 1992 मध्ये जॉन व्हिटमोर यांनी उद्योगक्षेत्रातील मार्गदर्शनातून त्याच्याशी नाते सांगणारी पद्धत विकसित केली. या पद्धतीची कसोटी मार्गदर्शकाच्या प्रतिसादात लागते, कारण एखाद्याने आपली अडचण सांगितल्यानंतर उच्चारलेल्या पहिल्या वाक्यातूनच निर्णयाची सूत्रे कोणाच्या हाती राहणार हे बहुधा ठरून जाते.

या विचाराला जवळचा असा एक मोठा सामाजिक अनुभव धाराशिव जिल्ह्याच्या गाठीशी आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे झालेल्या किल्लारी भूकंपाने लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यांतील गावे उद्ध्वस्त केली, आणि दगडमातीच्या जाड भिंती व त्यांवरील माळवदाचा भार हजारो माणसांच्या मृत्यूस कारणीभूत ठरला. जी घरे भूकंपातून तगून उभी राहिली होती त्यांच्या दुरुस्ती व बळकटीकरणाच्या कार्यक्रमात काम घरमालकांनीच करून घ्यायचे होते. म्हणून प्रेमा गोपालन यांच्या नेतृत्वाखालील ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रिया ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आल्या. छतावरील मातीचा भार कमी का करावा, भिंतीचे दोन्ही थर आरपार दगडांनी का बांधावेत, हे तांत्रिक ज्ञान कुटुंबांपर्यंत आणि कुटुंबांच्या शंका अभियंत्यांपर्यंत पोहोचवणे हे त्यांचे काम होते. त्या आजच्या अर्थाने व्यावसायिक मार्गदर्शक नव्हत्या. तथापि ज्ञान बाहेरून आले तरी घराचा निर्णय घरातल्यांनीच घ्यायचा, हे सूत्र त्यांच्या भूमिकेच्या मुळाशी होते. याच संस्थेने पुढे दुष्काळाच्या काळात महिलांसाठी एक एकर शेतीचा उपक्रम उभा केला, आणि 2016 मध्ये तिला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा ‘इक्वेटर’ पुरस्कार मिळाला.

निर्णय समोरच्या व्यक्तीच्याच हाती ठेवणारा सहयोगी प्रतिसाद म्हणजे नेमके काय, हे एका कल्पित प्रसंगावरून स्पष्ट होईल. तुळजापूर तालुक्यातील एखाद्या शेतकरी महिलेला घरच्या जमिनीतील एका एकरात स्वतःच्या निर्णयाने भाजीपाला आणि कडधान्ये घ्यायची आहेत, पण सासरे आणि दीर सोयाबीन सोडण्यास तयार नाहीत, असे समजू. ‘ठामपणे बोला’ हा सल्ला येथे सोपा असला तरी त्याचे परिणाम त्या महिलेलाच भोगावे लागतात. याउलट ‘घरात खायला घरचेच पिकावे असे तुम्हाला मनापासून वाटते, पण त्यावरून वितुष्ट यावे असेही वाटत नाही, असे समजू का?’ या प्रतिसादात तिचे म्हणणे तिच्याच पुढे तपासण्यासाठी ठेवले जाते. ‘प्रेरक मुलाखत’ या नावाने विल्यम मिलर आणि स्टीफन रोलनिक यांनी रूढ केलेल्या पद्धतीत यालाच प्रतिबिंबन म्हणतात. मोकळे प्रश्न, प्रयत्नांची दखल आणि अखेरीस सारांश ही त्याच पद्धतीची अन्य अंगे होत.

मात्र सहयोग म्हणजे मौन नव्हे. एखाद्या कर्जाच्या अटी घातक आहेत हे ठाऊक असूनही ‘निर्णय तुमचा’ म्हणून गप्प राहणे हा जबाबदारीचा त्याग ठरतो. अशा वेळी त्या व्यक्तीला काय माहीत आहे हे आधी विचारावे, तिच्या संमतीने आवश्यक माहिती स्पष्ट शब्दांत द्यावी आणि त्या माहितीचा तिला काय अर्थ लागतो हे पुन्हा विचारावे, म्हणजे ज्ञानही पोहोचते आणि अधिकारही अबाधित राहतो.

नैतिकतेचे उरलेले प्रश्न प्रामुख्याने सीमांचे आहेत. शुल्क कोण देणार, काय गोपनीय राहणार आणि संस्थेला काय कळवले जाणार, हे पहिल्याच भेटीत सांगणे बंधनकारक मानले पाहिजे. जेथे मार्गदर्शक, बचत गटाची अध्यक्ष आणि नात्यातली जाऊ एकच असू शकते अशा गावांत तर नाव न घेता केलेला उल्लेखही ओळख उघड करतो. बियाणे, विमा किंवा कर्ज यांच्या विक्रीत ज्याचा आर्थिक लाभ आहे त्याने तो लाभ लपवून मार्गदर्शन करणे हा विश्वासघातच होय.

सर्वांत कठोर सीमा मानसिक आरोग्याची आहे. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर राज्य शासनाने 2015 मध्ये बळीराजा चेतना अभियान यवतमाळ आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत सुरू केले होते. अशा प्रदेशात काम करणाऱ्याने निराशेच्या बोलण्याला ‘सकारात्मक विचार करा’ असे उत्तर देणे अक्षम्य आहे. जगण्याविषयीची विरक्ती जाणवली तर थेट आणि शांतपणे विचारावे, त्या व्यक्तीला एकटे सोडू नये, मानसोपचारतज्ज्ञाशी किंवा 14416 या क्रमांकावरील ‘टेली मानस’ मदतवाहिनीशी तिला जोडून द्यावे, आणि गोपनीयतेला जीवरक्षणाचा अपवाद असतो हे प्रारंभीच सांगितलेले असावे.

मार्गदर्शकाचे यश त्याच्याकडे किती माणसे पुन्हा पुन्हा येतात यावर मोजले जाऊ नये. पुढचा पेच आला असता त्या व्यक्तीला स्वतःच प्रश्न मांडता यावा, लागेल ती माहिती मागता यावी आणि घरात व बाजारात आपला निर्णय बोलून दाखवता यावा, हेच या व्यवसायाचे साध्य होय, आणि त्याच्या आड येणारा प्रत्येक प्रतिसाद, तो कितीही सदिच्छेने दिलेला असो, बदलण्याची तयारी हे मार्गदर्शकाचे पहिले कर्तव्य होय.