घरबसली पदवी

खानावळीच्या मालकाला जर कोणी विचारलें कीं, "घरीं स्वयंपाक करावा कीं तुमच्याकडे जेवावें?" तर त्यानें काय सांगावें? माझी स्थिति अलीकडे थोडीफार तशीच झाली आहे. गेलीं अठ्ठावीस वर्षें मी कॉलेजांत अर्थशास्त्र शिकवितों. फळा, खडू आणि समोरचे सत्तर-ऐंशी चेहरे यांवर माझा चरितार्थ चालतो. आणि मलाच लोक विचारूं लागले आहेत कीं, एम्. बी. ए. कॉलेजांत जाऊन करावें कीं घरीं बसून, ऑनलाइन?

या खेपेस विचारणारी माझी पुतणी होती, म्हणून टाळाटाळीस जागा नव्हती. ती इचलकरंजीजवळच्या एका सूतगिरणींत निर्यातीचें काम पाहते; वय एकोणतीस. माझे थोरले बंधु वारल्यापासून घरांत ती आणि माझ्या वहिनी, अशा दोघीच. पुण्याच्या एका संस्थेंत दोन वर्षांच्या निवासी अभ्यासक्रमाला तिला प्रवेश मिळाला होता. तितक्याच मुदतीचा ऑनलाइन अभ्यासक्रम दुसऱ्या एका विद्यापीठाचा होता. हिशेब तिनें आधींच मांडून ठेवला होता. पुण्याची फी आणि राहण्याजेवण्याचा खर्च मिळून 15 लाख. नोकरी सोडावी लागणार; दरमहा 35 हजारांप्रमाणें बुडणारा पगार 8 लाख 40 हजार. एकूण 23 लाख 40 हजार, कर्जाचें व्याज निराळेंच. उलट ऑनलाइनला 2 लाख, आणि पगार चालू. माहितीपत्रकांत फी छापलेली असते, बुडणारा पगार कोणी छापीत नाहीं. तो तिनें आपणहून धरला, एवढ्यावरूनच ती व्यवस्थापन शिकण्यास लायक आहे अशी माझी खात्री झाली.

"काका, एवढ्या फरकांत असें काय मिळतें, तें सांगा," ती म्हणाली.

दूर बसून शिकणें ही कांहीं कालपरवांची टूम नव्हे. आयझॅक पिटमननें 1840 सालीं, इंग्लंडांत स्वस्त टपाल सुरू होतांच, आपली लघुलिपि टपालानें शिकविण्यास आरंभ केला. लंडन विद्यापीठानें 1858 पासून बाहेरच्या उमेदवारांना परीक्षेस बसण्याची मुभा दिली. आणि ज्या मुंबई विद्यापीठाची पदवी आपल्या पणजोबांच्या तसबिरीखालीं मोठ्या अभिमानानें लिहिलेली असते, तें 1857 सालीं निघालें तेव्हां स्वतः कोणासच शिकवीत नव्हतें. शिकविणें कॉलेजांकडे, विद्यापीठ फक्त परीक्षा घेई. पुढें इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ 1985 मध्यें आणि नाशिकचें यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 मध्यें स्थापन झालें. तेव्हां घरबसल्या मिळविलेल्या पदवीकडे पाहून नाक मुरडण्याचें कारण नाहीं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2020 च्या नियमांप्रमाणें मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवी नेहमींच्या पदवीच्या बरोबरीचीच मानली जाते. 'मान्यताप्राप्त' हा शब्द मात्र सोन्यासारखा कसोटीवर घासून घ्यावा. विद्यापीठ मान्य असलें तरी तो विशिष्ट अभ्यासक्रम ऑनलाइन देण्याची परवानगी त्याला आहे कीं नाहीं, हें आयोगाच्या यादींत पाहिल्यावांचून एक पैसाहि भरूं नये. तेवढें आम्ही पाहून घेतलें.

राहिला प्रश्न वर्गाचा. हार्वर्डची व्यापारशाळा 1908 सालीं निघाली, आणि एम्. बी. ए. ही पदवी प्रथम तिनेंच काढली. कायद्याच्या शाळेंत खटल्यांवरून कायदा शिकवीत, त्याच धर्तीवर खऱ्या दुकान-कारखान्यांपुढचे पेंच विद्यार्थ्यांपुढें मांडण्याची प्रथा तेथें पडली. 1961 सालीं अहमदाबादची संस्था हार्वर्डच्या सहकार्यानें उभी राहिली, आणि ही पद्धति आपल्याकडे रुजली. एका स्नेह्याच्या अशा वर्गांत मी एकदां मागच्या बांकावर जाऊन बसलों होतों. त्या दिवशींचा पेंच एका दूधसंघाचा होता. लांबच्या आठ गांवांतून दूध आणण्याचा खर्च त्या दुधाच्या किंमतीहून जास्त होई. एका चलाख मुलानें, बहुधा इंजिनिअर असावा, तीन मिनिटांत आंकडे मांडून तीं आठहि गांवें तोडून टाकलीं. तोंच मागून एक मुलगी उठली. "आमचें गांव असेंच तोडलें होतें," ती म्हणाली. "दुसऱ्या वर्षीं आणखी पांच गांवांनीं आपणहून खाजगी गाडीला दूध घातलें, उद्यां आपली पाळी येईल असें त्यांना वाटलें. तो खर्च तुमच्या तक्त्यांत कोठें आहे?" मुलगा खालीं बसला. माझ्या स्नेह्याला कांहीं बोलावेंच लागलें नाहीं.

हें ज्ञान पुस्तकांतहि मिळालें असतें. पण पाठीमागच्या बांकावरून, चारचौघांसमक्ष मिळालेलें तें मुलगा जन्मभर विसरणार नाहीं. निवासी शिक्षणाची खरी फी आहे ती याची: आपण न निवडलेल्या माणसांत दोन वर्षें कोंडून घेण्याची. पडद्यावर वाद होतच नाहींत असें नव्हे. 2020 च्या टाळेबंदींत मींहि पडद्यावरून शिकविलें. आपल्या विनोदाला कोणी हंसलें कीं नाहीं हें न कळतां पुढें बोलत राहण्याची शिक्षा वैऱ्यालाहि होऊं नये. समोर काळ्या चौकटींत नुसतीं पांढरीं नांवें! तथापि वर्गांत कधीं तोंड न उघडलेल्या एका विद्यार्थिनीनें त्याच काळांत लेखी प्रश्न पाठवून मला भंडावून सोडलें, हेंहि सांगितलें पाहिजे. जिभेपेक्षां बोटें अधिक धीट, अशीं माणसें पुष्कळ असतात.

दुसरी गोष्ट नोकरीची. नामांकित संस्थांच्या दाराशीं कंपन्या स्वतः चालत येतात. अहमदाबादची दोन वर्षांची फी पंचवीस लाखांच्या घरांत गेली, तरी देशभरचीं मुलें कॅटच्या परीक्षेला बसतात तीं पुष्कळशीं या बाजारासाठीं. हें बोलून दाखविणें शिष्टसंमत नसलें तरी खरें आहे. बाविसाव्या वर्षीं, हातांत कांहीं काम नसतांना, या बाजारांत उभें राहण्याकरितां कर्ज काढणें मला गैर वाटत नाहीं. ऑनलाइन पदवीधरानें मात्र, जाहिराती कांहींहि म्हणोत, हा बाजार धरून चालूं नये. अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठानें 2016 मध्यें ऑनलाइन एम्. बी. ए. सुरू केला आणि 2019 मध्यें आपला पूर्णवेळ निवासी एम्. बी. ए. बंद करण्याचें जाहीर केलें, त्याचें मर्महि मला येथेंच दिसतें. नोकरींत मुरलेल्या माणसाला नोकरी मिळवून देणारी शाळा नको असते.

म्हणून मीं उलट विचारलें, "तुला शिकून काय सोडवायचें आहे?" ती क्षणभरहि थांबली नाहीं. "कापूस हंगामांत, थोड्या महिन्यांत, रोखीनें घ्यावा लागतो. सूत बांगला देशांत जातें, त्याचे पैसे नव्वद दिवसांनीं येतात. मधल्या काळांत बँकेचें व्याज आमचा नफा खाऊन टाकतें. याची मोट कशी बांधायची, तें मला शिकायचें आहे."

इतरांना जे पेंच छापून वाटावे लागतात, ते हिच्या टेबलावर रोज सकाळीं ताजे येऊन पडतात! तिला गिरणींतून उचलून पुण्यास नेणें म्हणजे रोग्याला घरीं ठेवून वैद्याकडे जाण्यासारखें होतें. मीं ऑनलाइनच्या बाजूनें कौल दिला.

इतका वेळ गहूं निवडीत बसलेल्या वहिनी तेव्हां बोलल्या. "भाऊजी, पैशांचें मी पाहीन. तिला पुण्याला जाऊं द्या. दोन वर्षें तिला कोणी चहा टाक म्हणणार नाहीं, माझीं औषधें आण म्हणणार नाहीं. मला तशीं दोन वर्षें कधीं मिळालीं नाहींत."

याला अर्थशास्त्रांत उत्तर नाहीं. मुलगा पुस्तक घेऊन बसला कीं घर आपोआप दबक्या आवाजांत बोलूं लागतें. मुलीला तीच शांतता मागून घ्यावी लागते, आणि सून झाल्यावर मागण्याचीहि सोय राहत नाहीं. कर्व्यांनीं 1896 मध्यें काढलेला अनाथ बालिकाश्रम पुढें हिंगण्याच्या माळावर गेला. तेथील मुलींना विद्येइतकेंच मोलाचें काय मिळालें असेल, तर घरच्या हांका जेथें ऐकूं येत नाहींत असे दिवस. वसतिगृहाच्या खर्चांत ही वस्तु जमेस धरावयास हवी, पण ती धरावी किती रुपयांची?

मायलेकी बराच वेळ बोलल्या; त्यांतलें सर्व येथें सांगण्याजोगें नाहीं. गिरणी सोडायची नाहीं, यावर पुतणी ठाम होती. अखेर पुण्याची जागा तिनें सोडली. मीं एक अट घातली: कोल्हापुरांतले दोघे-तिघे सहाध्यायी शोधून दर रविवारीं समक्ष बसावें, वाद घालायला समोर माणूस पाहिजे. वहिनींची अट याहून कडक होती. माडीवरची खोली पुतणीची. दाराला आंतून नवी कडी. आठवड्यांतून चार दिवस रात्रीं आठ ते दहा कोणीं हांक मारायची नाहीं, त्यांनीं स्वतः देखील नाहीं. संध्याकाळच्या स्वयंपाकाला त्यांनीं बाई ठेवली, आणि तिचा पगार पुतणीच्या हिशेबांत ऑनलाइनच्या फीखालीं स्वतःच्या हातानें लिहून घातला.

गेल्या मंगळवारीं रात्रीं साडेआठाला कांहीं कामानिमित्त मीं फोन केला. तो वहिनींनीं उचलला. पुतणीला बोलवा म्हटलें, तर म्हणाल्या, "ती वर्गांत आहे. दहानंतर करा."