पाठीवरचे मूल

या स्मरणिकेसाठी जुनी चित्रे निवडून त्यांच्या प्रती करण्याचे काम आम्हा माजी विद्यार्थ्यांकडे आले, तेव्हा ते एका रविवारी उरकेल असे आम्हांस वाटले होते. वसतिगृहातील पत्र्याची पेटी उघडली, पिवळे पडलेले ड्रॉइंग पेपर ओसरीवर पसरले आणि मोबाइलने भराभर छायाचित्रे घेतली.

रात्री ती पाहताना आम्ही ओशाळलो. मोबाइलने आपल्याच बुद्धीने कागद पांढराशुभ्र केला होता. एका चित्रात ऊस तोडणारी बाई होती. तिच्या पाठीवरच्या झोळीतले मूल रंगवायचे राहून गेले होते, ते नुसत्या पेन्सिलीत होते. आमच्या प्रतीत ते मूल नव्हतेच. चित्र काढणारा आमचा वर्गमित्र आज हयात नाही.

मग सारे पुन्हा केले. लहान चित्रे 600 डीपीआयवर स्कॅन केली, यंत्राची आपोआप होणारी ‘सुधारणा’ बंद ठेवून. पोस्टर रंगांचे पोपडे सुटलेली चित्रे मात्र काचेवर दाबणे धोक्याचे. ती भिंतीशी सरळ लावली, कॅमेरा तिवईवर चित्राच्या बरोबर मध्यासमोर ठेवला, खिडक्या झाकल्या आणि दोन्ही बाजूंनी सारखेच दिवे 45 अंशांत तिरपे लावले. रंगांच्या खात्रीसाठी शेजारी राखाडी पट्टी. डाग पुसावेत की ठेवावेत, यावर आमच्यात बराच वाद झाला. अखेर मूळ टिफ प्रतीला हात लावायचा नाही, छपाईपुरती उजळ प्रत वेगळी करायची, असे ठरले.

प्रती तीन ठिकाणी ठेवण्याचा आग्रह आम्ही धरला, तो अजिंठ्यामुळे. रॉबर्ट गिल यांनी 1844 पासून तेथे राबून केलेल्या तैलरंगातील बहुतेक प्रती 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत गेल्या. पुढे जॉन ग्रिफिथ्स आणि जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी 1872 पासून नव्याने प्रती केल्या; त्यांतल्याही बऱ्याच 1885 मध्ये लंडनमध्येच जळाल्या. आमची पेटीही आता माळ्यावर परत जाणार नाही.

ऊसतोडीच्या चित्राची छापील प्रत आम्ही वर्गमित्राच्या आईंकडे नेली. त्यांनी चष्मा मागून घेतला, कागद उजेडाकडे धरला आणि झोळीतल्या मुलावर बोट ठेवून बराच वेळ बसून राहिल्या.