दोन गुंठ्यांचं तळं आणि उलटे पोहणारे किडे

आज कांद्याचं नाही, तळ्याचं लिहितो.

चाकण एमआयडीसीला लागून आमचं रान. कंपनीच्या भिंतीखाली दोन गुंठ्यांचं मातीचं संगोपन तळं आहे. गेल्या पावसाळ्यात त्यात कटला-रोहूचं एक लाख मत्स्यजिरे सोडलं. वीस दिवस आधीच पाणी भरून दोनशे किलो शेण टाकलेलं. पन्नास लिटर पाणी बारीक कापडातून गाळलं तर दोन मिली प्लवंग खाली बसला. म्हणलं, पिल्लांना खायला भरपूर!

अठराव्या दिवशी जाळं ओढलं. पिल्लं तीन हजारसुद्धा नाहीत, किडे मात्र ढीगभर. पाणभुंगेरे, पाण्यातले विंचू, चतुराच्या अळ्या आणि सगळ्यात जास्त ते पाठीवर उलटे पोहणारे. दोन-चार किडे घमेल्यात पिल्लांबरोबर सोडले. डोळ्यांदेखत एकानं पिल्लू धरून सोंड खुपसली. घरचे म्हणाले, पैसे पाण्यात गेले म्हणतात ते हेच.

चूक माझीच. वीस दिवसांत प्लवंग वाढला तसे त्यावर किडेही पोसले. वर चोरांच्या भीतीनं मी तळ्यावर रात्रभर बल्ब लावायचो. हे किडे उडतात आणि उजेडाकडे येतात.

यंदा तळं वाळवलं. पाणी चारच दिवस आधी भरलं. साडेसात किलो शेंगदाणा पेंड, दोन किलो शेण, अर्धा किलो सुपर फॉस्फेट कुजवून त्याचं पाणी टाकलं, निम्मा हप्ता. जिरे सोडायच्या आदल्या दिवशी साबण-तेल. हेक्टरी ५६ किलो तेल आणि १८ किलो साबण सांगतात, म्हणजे आपल्या दोन गुंठ्यांना सव्वा किलोच्या आत तेल, ३६० ग्रॅम साबण. साबण गरम पाण्यात विरघळवून तेल घोटायचं आणि शिंपडायचं. किडे श्वासाला वर येतात, तेलाच्या पडद्यानं गुदमरतात. वारा असला की पडदा फाटतो, म्हणून पहाटे उरकलं. चतुराच्या अळ्यांना कल्ले असतात, त्यांना तेलानं काही होत नाही. त्या बारीक जाळ्यानंच काढाव्या लागतात, दोनदा ओढलं.

माझा बल्ब काढला. कंपनीचे दिवे आहेतच, तिकडच्या कडेला किडे अजून दिसतात.

परवा जाळं ओढलं. घमेल्यानं मोजले, तेहतीस हजारांच्या आसपास बीज निघालं.